कॅनडाच्या अर्जादरम्यान बाळ जन्माला येते तेव्हा

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी होती. पती-पत्नीने परदेशी स्थायिक होण्यासाठी अर्ज केला, तो अनेक महिने चालला आणि निकाल लागण्यापूर्वीच घरात बाळ आले. बहुतेक पत्रे कॅनडाच्या कायम वास्तव्याबद्दल, म्हणजे पीआरबद्दल आहेत, त्यामुळे उत्तरेही मुख्यतः तेथील नियमांनुसार दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळून केवळ गावे ठेवली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघांनी एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांना गुणांनुसार निवडण्याच्या पद्धतीतून, कॅनडाच्या पीआरसाठी अर्ज केला, तेव्हा माझी पत्नी गरोदर नव्हती. आता तिला सातवा महिना लागला आहे. आमच्या एजंटचे म्हणणे असे की, बाळाबद्दल आत्ता काहीही कळवू नका, कळवले तर फाइल मागे पडेल. पीआर हातात येऊ द्या, तिकडे जाऊन बस्तान बसवा आणि मग बाळाला बोलावून घ्या. माझ्या सासूबाई बाळाला वर्षभर सांभाळायला तयार आहेत. हा सल्ला मानावा का? (पुणे)

उत्तर : मुळीच मानू नये. या सल्ल्याने वाचतात ते काही महिने, आणि जे नुकसान होते ते बहुतेक वेळा भरून निघत नाही. एजंट ज्याला किरकोळ बाब समजत आहेत, त्या एका बाबीवर आपले बाळ आपल्याजवळ राहू शकेल की नाही हे ठरणार आहे, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहे.

कॅनडाचा नियम असा आहे की, पीआरसाठी अर्ज करणाऱ्याने आपली पत्नी किंवा पती आणि अवलंबून असलेले प्रत्येक मूल अर्जात दाखवले पाहिजे आणि त्या प्रत्येकाची वैद्यकीय व इतर तपासणी झाली पाहिजे, मग ते सोबत जाणार असोत वा नसोत. ही जबाबदारी अर्ज दाखल केल्याच्या दिवशी संपत नाही. आपण कॅनडात पाऊल ठेवून कायम रहिवासी होईपर्यंत ती कायम असते. मधल्या काळात जन्मलेले बाळ या नियमाच्या कक्षेत येतेच. २००२ पासून लागू असलेल्या तेथील इमिग्रेशन नियमावलीतील ११७(९)(डी) हा खंड सांगतो की, पीआर मिळवताना जे मूल दाखवले नाही आणि त्यामुळे ज्याची तपासणी झाली नाही, ते मूल पुढे ‘फॅमिली क्लास’मध्ये, म्हणजे तेथे स्थायिक झालेल्याला आपल्या हमीवर बोलावून (स्पॉन्सर करून) घेता येणाऱ्या कुटुंबीयांच्या गटात, मोडत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की, आई-वडील कॅनडाचे कायम रहिवासी झाले, पुढे नागरिकही झाले, तरी त्या मुलाला स्पॉन्सर करण्याचा नेहमीचा मार्ग त्यांना बंद असतो. या बंदीला मुदत नाही.

हा नियम कागदावरच राहतो अशी कोणाची समजूत असेल, तर द गुझमन खटला पाहावा. फिलिपीन्समधून १९९३ साली कॅनडात गेलेल्या एका महिलेने तिकडे जाताना आपल्या दोन मुलग्यांचा उल्लेख केला नव्हता. पुढे ती कॅनडाची नागरिक झाली आणि तिने मुलग्यांना स्पॉन्सर करण्याचा अर्ज केला, तेव्हा याच खंडाच्या आधारे तो फेटाळला गेला, आणि २००५ साली फेडरल कोर्ट ऑफ अपीलनेही तो खंड वैध ठरवला. २०१९ पासून कॅनडा सरकारने या नियमात काही सूट देणारे धोरण राबवले आहे, आणि एजंट मंडळी त्याचा हवाला देताना आढळतात. परंतु ती सूट निर्वासित म्हणून आलेल्यांसाठी आणि स्वतः कुटुंबीयांच्या स्पॉन्सरशिपवर आलेल्यांसाठी आहे. एक्स्प्रेस एंट्रीसारख्या आर्थिक गटातून येणाऱ्याला ती लागू होत नाही. त्याच्यासाठी उरतो तो मानवतेच्या आधारावर विनंती करण्याचा मार्ग, आणि तेथे निर्णय सर्वस्वी अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतो. शिवाय माहिती दडवणे ही स्वतंत्र बाब आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ४० व्या कलमाखाली चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास ५ वर्षांची प्रवेशबंदी होते, आणि पीआर मिळाल्यानंतर हे उघडकीस आले तर तो पीआरही जाऊ शकतो.

आता काय करावे, ते सांगतो. बाळाच्या जन्माची वाट न पाहता आजच इमिग्रेशन विभागाच्या, म्हणजे आयआरसीसीच्या, वेबफॉर्मद्वारे आपला अर्ज क्रमांक देऊन पत्नी गरोदर असल्याचे व प्रसूतीची अपेक्षित तारीख कळवावी आणि सोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे. बाळ जन्मण्यापूर्वीच अर्ज निकाली निघाला तर पुढचा गुंता वाढतो, तो यामुळे टळतो. बाळ जन्मल्यावर त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट, छायाचित्र आणि त्याचे नाव घातलेले सुधारित फॉर्म त्याच वेबफॉर्मने पाठवायचे असतात. एकदा अर्ज दाखल झाला की ऑनलाइन खात्यात जाऊन स्वतः मूल जोडता येत नाही, त्यामुळे खात्यात तशी सोय दिसत नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. बाळाचा पासपोर्ट तयार व्हायचा असेल तर जन्मदाखला लगेच पाठवावा आणि पासपोर्ट मागाहून पाठवत असल्याचे लिहावे. त्यानंतर विभागाकडून बाळाच्या शुल्काची मागणी आणि वैद्यकीय तपासणीचे पत्र येते. ३० एप्रिल २०२४ पासून अवलंबून असलेल्या मुलासाठी प्रक्रिया शुल्क २६० कॅनेडियन डॉलर करण्यात आले; हे शुल्क दर दोन वर्षांनी वाढते, म्हणून भरण्यापूर्वी त्या दिवशीचा आकडा पाहून घ्यावा. पती-पत्नीकडून घेतले जाणारे ‘राइट ऑफ पर्मनंट रेसिडेन्स’ हे वेगळे शुल्क मुलांना नसते, आणि बोटांचे ठसे १४ वर्षांखालील मुलांचे घेत नाहीत.

बाळामुळे आपले सीआरएस गुण, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीत क्रमवारी ठरवणारे गुण, कमी होतात ही भीती निराधार आहे, कारण मुलांच्या संख्येचा त्या गुणांशी संबंध नाही. संबंध आहे तो बँकेतील रकमेशी. फेडरल स्किल्ड वर्कर गटातून, कॅनडात नोकरी नसताना अर्ज करणाऱ्याला कुटुंबाच्या आकारानुसार ठरावीक रक्कम दाखवावी लागते, आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तक्त्यात ती दोघांसाठी १९,००१ तर तिघांसाठी २३,३६० कॅनेडियन डॉलर होती. ही रक्कम अर्ज करतानाही हवी आणि व्हिसा देण्याच्या वेळीही हवी. बाळंतपणाच्या खर्चासाठी त्याच खात्यातून पैसे काढले जाणार असतील तर हा हिशेब आधीच मांडून ठेवावा, कारण खर्च वाढतो आणि लागणारी शिल्लकही वाढते, ती दोन्ही एकाच सुमारास.

फाइल लांबते, हे एजंटचे म्हणणे मात्र खरे आहे. एक माणूस वाढला की त्याची तपासणी वाढते. ते लांबणे सोसावे. आणि एजंटबद्दल एक गोष्ट तपासून पाहावी. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे इमिग्रेशनच्या कामाचे पैसे घेऊन सल्ला देण्याचा व प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील वकिलांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’कडे नोंदलेल्या सल्लागारांनाच आहे. कॉलेजची नोंदवही सर्वांना ऑनलाइन पाहता येते. आपल्या एजंटचे नाव तेथे सापडते का ते पाहावे, आणि न सापडल्यास आपला अर्ज आपल्याच हाती घ्यावा. अर्जातील प्रत्येक विधानाखाली सही आपली असते आणि परिणाम भोगावे लागतात ते आपल्याला व आपल्या बाळाला.

प्रश्न : मी ५ महिन्यांची गरोदर आहे. आमची वैद्यकीय तपासणी आली असून त्यात छातीचा एक्स-रे आहे. डॉक्टरांनी तो आत्ता काढायचा की नंतर हे मला विचारले आहे. यजमानांची तपासणी पूर्ण झाली आहे. माझा एक्स-रे थांबवला तर त्यांनी एकट्याने पुढे जाऊन पीआर घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : एक्स-रे प्रसूतीनंतर काढण्याची मुभा आपल्याला आहे. ती घेतल्याबद्दल आपल्या अर्जावर कोणताही प्रतिकूल शेरा येत नाही. फक्त तपासणी अपुरी राहते आणि अर्जाचा निर्णय तोवर थांबतो. शारीरिक तपासणी, रक्त व लघवीच्या चाचण्या आत्ता होऊ शकतात. पोटावर संरक्षक आवरण घेऊन, लेखी संमती देऊन आत्ताच एक्स-रे काढणाऱ्या महिलाही आहेत. हा निर्णय आपण आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावा, एजंटच्या घाईने घेऊ नये. माझा स्वतःचा कल थांबण्याकडे आहे आणि त्याचे कारण वैद्यकीय नाही. एक्स-रेसाठी थांबले की अर्जही प्रसूतीपर्यंत आपोआप उघडा राहतो, आणि मग बाळाला त्यात सामील करून घेणे सोपे जाते. बाळाची तपासणी म्हणजे वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि सर्वसाधारण पाहणी. ११ वर्षांखालील मुलांचा एक्स-रे सरसकट काढत नाहीत.

यजमानांनी एकट्याने पुढे जाण्यास कायद्याची आडकाठी नाही, कारण मुख्य अर्जदार आधी आणि कुटुंब नंतर असे जाता येते. मात्र अर्जावर अंतिम निर्णय होण्यासाठी आपलीही तपासणी पूर्ण व्हावी लागते, त्यामुळे आपला एक्स-रे राहिला असताना त्यांचा व्हिसाही सहसा निघत नाही. तो निघाला आणि बाळाच्या जन्माआधी ते कायम रहिवासी झाले, तर बाळ या अर्जात जोडता येणार नाही. त्यांना बाळासाठी स्पॉन्सरशिपचा स्वतंत्र अर्ज करावा लागेल. तसा तो करता येतो, कारण ते पीआर झाले तेव्हा बाळ जन्मलेलेच नव्हते. परंतु तो अर्ज पूर्ण होईपर्यंत बाळ इथे, आणि आपला व्हिसा मुदतीचा, अशा कात्रीत आपण सापडाल. तिघांनी एकाच अर्जात, एकत्र जावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलगा आणि सूनबाई यांचा कॅनडाचा व्हिसा पासपोर्टवर लागून आला, त्यानंतर पंधरा दिवसांनी नातीचा जन्म झाला. पुढील महिन्याची विमानाची तिकिटे काढलेली आहेत. मुलाचा विचार आहे की दोघांनी जाऊन यावे, पीआर पक्का करावा आणि नात तोवर आमच्याजवळ राहावी. आम्हा दोघांना नातीला सांभाळण्यात आनंदच आहे; पण मन साशंक आहे, म्हणून लिहितो. (सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि आपण ती वेळेवर विचारली याचे मला फार बरे वाटले. मुलाला व सूनबाईंना आत्ता विमानात बसू देऊ नका.

व्हिसा आणि त्यासोबतचे सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचे पुष्टीपत्र) हे कागद ज्या कुटुंबाची तपासणी झाली त्या कुटुंबासाठी दिलेले असतात. कुटुंबात बदल झाला, म्हणजे लग्न झाले किंवा बाळ जन्मले, तर प्रवासापूर्वी तसे कळवणे बंधनकारक आहे. कॅनडाच्या विमानतळावर इमिग्रेशन अधिकारी कागद पाहताना, यात नाव नसलेले आणखी कोणी अवलंबून असलेले मूल आहे का, असे विचारू शकतो. त्या वेळी ‘नाही’ म्हटले तर ते खोटे विधान ठरते, आणि ‘आहे’ म्हटले तर अधिकारी पीआर न देता प्रकरण तपासासाठी मागे ठेवू शकतो. पहिल्या उत्तरात सांगितलेला ११७(९)(डी) खंड येथे पूर्ण ताकदीने लागू होतो. आपल्या घरातील सर्वांचा हेतू निर्मळ आहे, नातीला मागाहून न्यायचेच आहे, हे मला दिसते. नियम मात्र हेतू विचारत नाही. न कळवता गेलेल्या आई-वडिलांनी मुद्दाम लपवले की अजाणता राहून गेले, हा भेद त्या खंडात नाही.

मुलाने वेबफॉर्मने नातीचा जन्म कळवावा, जन्मदाखला जोडावा आणि व्हिसा देणाऱ्या कार्यालयाच्या सूचनेची वाट पाहावी. कार्यालय नातीचे शुल्क, फॉर्म, पासपोर्ट आणि वैद्यकीय तपासणी मागवील व त्यानंतर तिचे कागद देईल. येथे एक अडचण येऊ शकते, ती आधीच सांगून ठेवतो. व्हिसाची अंतिम तारीख सहसा वैद्यकीय तपासणीच्या १२ महिन्यांच्या मुदतीशी बांधलेली असते आणि ती वाढवून मिळत नाही. नातीचे काम होईपर्यंत आई-वडिलांची मुदत संपत आली तर त्यांना तपासणी पुन्हा करून नवे कागद घ्यावे लागतील. विमानाच्या तिकिटांचे पैसे बुडतील किंवा तारीख बदलण्याचा भुर्दंड पडेल, हेही खरे. नातीच्या भवितव्यापुढे ही रक्कम मोठी मानू नये.

आणि नातीला काही काळ खरोखरच आपल्याजवळ ठेवायचे असेल, तर त्यालाही कायदेशीर रस्ता आहे. तिला अर्जात ‘सोबत न येणारे मूल’ म्हणून दाखवता येते, परंतु तपासणी तिचीही झालीच पाहिजे. ती झाली की पुढे आई-वडील तिला रीतसर स्पॉन्सर करू शकतात. तरी मी म्हणेन की तपासणी करायचीच आहे तर तिचा व्हिसाही सोबतच घ्यावा. आजी-आजोबांनी काही महिने तिकडे जाऊन नातीला सांभाळणे, हे स्पॉन्सरशिपच्या नव्या अर्जापेक्षा कितीतरी सोपे असते.

प्रश्न : माझे बाळंतपण माहेरी, सांगलीला झाले. रुग्णालयाने जन्माची नोंद केली, पण बारसे व्हायचे होते म्हणून नाव दिले नव्हते. आता पासपोर्टसाठी दाखला हवा आहे. नाव कसे लिहावे? आजकाल आईचे नावही घालतात असे ऐकले. बाळाच्या पासपोर्टला किती कागद लागतात? (ठाणे)

उत्तर : या एका ठिकाणी आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांचा वेळ जातो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते आणि ती रुग्णालयच पाठवते; नावाचा रकाना मात्र रिकामा ठेवलेला असतो आणि बारशानंतर तो भरून घ्यायचे राहून जाते. जन्मनोंदणी कायद्यानुसार नाव नंतरही घालता येते, १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी असते, म्हणून हे काम ठाण्यात होणार नाही. ते सांगलीच्या नोंदणी कार्यालयातून करून घ्यावे लागेल. सांगलीला असतानाच ते उरकले तर दुसरी खेप वाचते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरा कागद चालत नाही. त्यामुळे नाव नसलेला दाखला हाती धरून पुढे एकही पाऊल टाकता येणार नाही.

आईच्या नावाबद्दल आपण ऐकले ते बरोबर आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने नोंद करण्याचा निर्णय घेतला. चांगलाच निर्णय आहे. मात्र पासपोर्टच्या फॉर्ममध्ये ‘दिलेले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच भाग असतात, आणि कॅनडाचे फॉर्मही तसेच आहेत. दाखल्यात बाळाचे पूर्ण नाव ज्या शब्दांत आहे, त्याच शब्दांत आणि त्याच इंग्रजी स्पेलिंगने ते पासपोर्टमध्ये व पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये आले पाहिजे. आडनावाचे स्पेलिंग वडिलांच्या पासपोर्टमध्ये जसे आहे तसेच दाखल्यात आहे ना, हे दाखला हातात पडताक्षणी त्याच खिडकीशी उभे राहून वाचून पाहावे. आपल्याकडे एकाच आडनावात एक ‘ए’ लिहायचा की दोन, याबाबत एकाच घरातील दोन भावांचे कागद जुळत नाहीत. आई-वडिलांची नावेही त्यांच्या पासपोर्टप्रमाणेच असावीत, कारण बाळ आपलेच आहे हे परदेशी अधिकाऱ्याला दाखवणारा हाच एकमेव कागद असतो. महाराष्ट्रातील दाखले मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतात, म्हणून भाषांतराचा खर्च सहसा करावा लागत नाही.

पासपोर्टचा अर्ज देशातील कोणत्याही पासपोर्ट सेवा केंद्रात करता येतो. जन्मदाखला, आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि दोघांच्या सह्यांचे ‘अनेक्शर डी’ हे प्रतिज्ञापत्र लागते. आई-वडिलांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावे असतील तर काम अधिक सुरळीत होते, नसतील तर आधी ती घालून घेण्याचा विचार करावा. ४ वर्षांखालील मुलाचे छायाचित्र घरून न्यावे लागते, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचे. महिन्याभराच्या बाळाचे असे छायाचित्र काढणे हे वाटते तितके सोपे नाही : बाळाला खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर उताणे निजवावे, दूध पिऊन ते शांत जागे असताना वरून काढावे, डोळे उघडे असावेत आणि आधार देणारा हात चौकटीत दिसू नये. काजळ व तीट त्या वेळेपुरती पुसावी. कॅनडासाठीच्या छायाचित्राचा आकार निराळा, ५० बाय ७० मिलिमीटर असतो, तो त्याच बैठकीत काढून ठेवावा. पासपोर्टचे शुल्क मूळ १,००० रुपये असून ८ वर्षांखालील मुलांना त्यात १० टक्के सवलत आहे. तत्काळसाठी २,००० रुपये अधिक पडतात. पासपोर्ट ५ वर्षांसाठी मिळतो.

प्रश्न : माझा मावसभाऊ व त्याची पत्नी इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांच्या दीड महिन्याच्या मुलाला व्हिसाच नव्हता, फक्त जन्मदाखला व पासपोर्ट दाखवून त्याला प्रवेश मिळाला. तो म्हणतो, कॅनडालाही असेच चालते. (नागपूर)

उत्तर : आपल्या भावाचा अनुभव खरा आहे, त्याचा निष्कर्ष खरा नाही. अमेरिकेच्या नियमांत अशी तरतूद आहे की, आई किंवा वडिलांना इमिग्रंट व्हिसा मिळाल्यानंतर जन्मलेले मूल, त्या व्हिसाच्या मुदतीत त्यांच्यासोबत प्रवेश करत असेल, तर त्याला वेगळ्या व्हिसाची गरज नसते. नाते सिद्ध करणारा जन्मदाखला पुरतो. मूल व्हिसा मिळण्यापूर्वी जन्मले असेल तर मात्र त्याचाही व्हिसा घ्यावाच लागतो. कॅनडाच्या कायद्यात अशी सवलत नाही. ऑस्ट्रेलियाची रीत आणखी तिसरी आहे : तेथे अर्ज केल्यानंतर व निर्णय होण्यापूर्वी जन्मलेले मूल, जन्म कळवल्यावर, त्या अर्जात समाविष्ट मानले जाते, पण व्हिसा मंजूर झाल्यानंतर ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेल्या बाळासाठी वेगळा चाइल्ड व्हिसा काढावा लागतो. नातेवाइकांचा अनुभव ऐकताना तो कोणत्या देशाचा आणि मुलाचा जन्म कोणत्या टप्प्यावर झाला, या दोन गोष्टी आधी विचाराव्यात.

प्रश्न : आम्ही वर्क परमिटवर येथे आहोत, पीआरचा अर्ज चालू आहे आणि गेल्या महिन्यात येथेच मुलगी झाली. ती नागरिक आहे, मग अर्जात काही कळवण्याची गरज उरते का? तिचा भारतीय पासपोर्ट करावा, अशी घरच्यांची इच्छा आहे. (ब्रॅम्प्टन, कॅनडा)

उत्तर : कॅनडात जन्मल्यामुळे ती जन्मतः कॅनडाची नागरिक आहे. तिला पीआर नको, शुल्क नको, तपासणी नको. तरीही ती आपल्या कुटुंबाचा भाग आहे, म्हणून तिचा जन्म वेबफॉर्मने कळवावा आणि जन्मदाखला जोडावा. पुढे कोणत्याही कागदावर कुटुंबाची माहिती लिहिताना विसंगती राहत नाही.

पासपोर्टच्या बाबतीत घरच्यांना नीट समजावून सांगावे लागेल. भारताच्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांना लिहून द्यावे लागते. म्हणजे दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी ठेवता येत नाहीत. बहुतेक कुटुंबे मुलीचा कॅनेडियन पासपोर्ट काढून तिच्यासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेतात, आणि ज्यांना कॅनडातच राहायचे आहे त्यांच्यासाठी मलाही तेच योग्य वाटते. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे, परंतु आजोळी येण्या-जाण्यासाठी व राहण्यासाठी व्हिसा लागत नाही.

प्रश्न : आमचे तिघांचेही कागद आले असून बाळ ४ महिन्यांचे असताना आम्ही व्हँकुव्हरला जाणार आहोत. बाळासाठी विशेष काय न्यावे? (कोल्हापूर)

उत्तर : सर्वांत आधी लसीकरणाचे कार्ड, प्रत्येक लसीचे नाव व तारीख वाचता येईल असे, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत उतरवून घेतलेले. आपल्याकडे पहिल्या लसी जन्मतः व नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. कॅनडातील प्रांतांचे वेळापत्रक साधारणतः २, ४ व ६ महिन्यांचे असते, म्हणून तेथील डॉक्टरांना तारखा पाहूनच पुढचे ठरवावे लागते. बीसीजी तेथे सर्व बालकांना देत नाहीत, त्यामुळे दंडावरच्या व्रणाविषयी विचारणा झाली तर कार्ड दाखवावे. आपल्याकडे ९ व्या महिन्यात मिळणारी गोवर-रुबेलाची मात्रा तेथे धरली जात नाही, ती वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा घ्यावी लागते. आपले बाळ त्याआधीच जात असल्याने तेथील वेळापत्रकानेच चालावे.

आरोग्यसेवेच्या बाबतीत व्हँकुव्हरला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑन्टारियोने नवागतांसाठीची ३ महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये रद्द केली, पण व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात पोहोचल्याचा उरलेला महिना आणि त्यानंतरचे २ महिने सरकारी आरोग्य योजना लागू होत नाही. या काळासाठी तिघांचा खासगी विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा आणि त्यात बाळाचे नाव स्वतंत्रपणे लिहिलेले आहे याची खात्री करावी.

जन्मदाखल्याच्या निदान दोन मूळ प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, सामानात टाकू नयेत. पोहोचल्यावर आई-वडिलांचे सिन (सोशल इन्शुरन्स नंबर) क्रमांक मिळाले की कॅनडा चाइल्ड बेनिफिट या मुलांसाठीच्या सरकारी भत्त्यासाठी महसूल विभागाकडे आरसी६६ हा अर्ज व नवागतांसाठीचे त्याचे परिशिष्ट भरावे. बाळ कॅनडाबाहेर जन्मलेले असल्याने त्याच्या जन्माचा पुरावा जोडावा लागतो. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी ६ वर्षांखालील मुलामागे या योजनेची कमाल रक्कम ७,९९७ डॉलर असून उत्पन्नानुसार ती कमी होते. परिशिष्टात कॅनडात येण्यापूर्वीचे उत्पन्न विचारतात, त्यासाठी मागील दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे सोबत असू द्यावीत.